माळ्यावरचा मृत्यू

कॉर्डलेस हत्यारांच्या, म्हणजे भिंतीतल्या पॉइंटला वायर न जोडता चालणाऱ्या ड्रिल, स्क्रू-ड्रायव्हर, ग्राइंडर आदी यंत्रांच्या, बॅटऱ्या कशाने मरतात, या प्रश्नाचा विचार करताना बहुतेक माणसे त्या अतिश्रमाने मरत असाव्यात असे गृहीत धरतात, आणि या गृहीतकाला अनुसरून आपापल्या बॅटरीला होता होईल तेवढी विश्रांती देतात. ही विश्रांती इतकी परिपूर्ण असते की घरगुती ड्रिलची बॅटरी वर्षाचे बारा महिने माळ्यावर, रंगाचे वाळलेले डबे आणि मोडीत न काढलेला पाळणा यांच्या सहवासात निवांत पडून राहते, आणि ज्या रविवारी घरधन्याला आरशासाठी एक भोक पाडायचे असते नेमक्या त्या रविवारी मृत आढळते. या मृत्यूबद्दल कंपनी, दुकानदार आणि चीन यांना याच क्रमाने दोष दिला जातो. परंतु बॅटरीच्या रसायनशास्त्राचा जुजबी परिचय करून घेतला तरी असे दिसून येते की घरगुती बॅटरी कामाने क्वचितच मरते. ती रिकामपणाने मरते, आणि त्या रिकामपणात मालकाच्या मायेचा वाटा मोठा असतो.

विषयाचा पूर्वेतिहास फार लांबचा नाही. पहिले कॉर्डलेस ड्रिल अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीने १९६१ साली बाजारात आणले, आणि त्यात निकेल-कॅडमियम प्रकारचे सेल होते, ज्यांचा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंग्नर यांनी १८९९ सालीच लावून ठेवला होता. अशी हत्यारे नासाने चंद्रमोहिमेसाठी शोधून काढली ही समजूत सर्वत्र दृढ असली, तरी प्रत्यक्षात हत्यार आधी आले आणि चंद्र नंतर आला. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्राच्या पोटातील उष्णता मोजणारी उपकरणे बसवण्यासाठी बॅटरीच्या ड्रिलने भोके पाडली, तेव्हा भोके ठरलेल्या खोलीपर्यंत गेलीच नाहीत, आणि मातीचा नमुना घेण्यासाठी खाली घातलेली नळी इतकी रुतून बसली की ती उपसून काढण्यासाठी स्कॉट यांना सहकारी जेम्स अर्विन यांना हाताशी घ्यावे लागले. यात बॅटरीचा काहीही दोष नव्हता. खालची माती अपेक्षेपेक्षा घट्ट होती आणि बिटचे जोड त्या मातीला साजेसे नव्हते. भोक अर्ध्यावर थांबणे, बिट अडकणे आणि ते ओढायला दुसऱ्या माणसाला हाक मारणे हा जो क्रम पृथ्वीवरच्या प्रत्येक घरात पाळला जातो, तो चंद्रावरही अबाधित राहिला, एवढाच निष्कर्ष या प्रसंगातून निघतो.

निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा असल्यामुळे १८ व्होल्टच्या बॅटरीसाठी असे पंधरा सेल लागत आणि हत्याराचे वजन मनगटाला जाणवत असे. लिथियम-आयन सेल सुमारे ३.६ व्होल्टचा असल्यामुळे तेच काम पाच सेलांत भागते. सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेली ही बॅटरी हत्यारांच्या दुनियेत २००३ साली बॉशच्या एका छोट्या स्क्रू-ड्रायव्हरमधून शिरली, २००५ पासून मोठ्या हत्यारांत स्थिरावली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान कॅडमियम हा विषारी धातू असल्याने युरोपीय संघाने २०१६ च्या अखेरीस कॉर्डलेस हत्यारांतील निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची विक्री बंद केली, आणि त्या रसायनाचे युग जवळपास संपले.

युग संपले तरी त्या युगाचा आचारधर्म मात्र संपला नाही. निकेल-कॅडमियम सेल दर वेळी ठरावीक प्रमाणातच वापरून पुन्हा चार्ज केला, तर त्या ठरावीक बिंदूशी पोहोचल्यावर त्याचा जोर एकाएकी घसरत असे. या वर्तनाला स्मृतिपरिणाम म्हटले जाई, आणि ते प्रथम कृत्रिम उपग्रहांच्या बॅटऱ्यांत लक्षात आले, कारण उपग्रह प्रत्येक प्रदक्षिणेत नेमकी तेवढीच वीज वापरतो. सामान्य माणसाच्या घरात कोणतीही गोष्ट इतक्या नियमाने होत नसल्यामुळे हा परिणाम तेथे विरळाच दिसत असावा. तरीही बॅटरी पूर्ण उतरवावी आणि मगच चार्जिंगला लावावी, हा नियम घराघरांत रुजला आणि वडिलांकडून मुलाकडे गेला. लिथियमच्या बॅटरीला असा दोष व्यवहारात नाही, उलट पूर्ण उतरवणे हीच तिला अपायकारक गोष्ट आहे. तरीसुद्धा ड्रिलचा वेग मंदावल्यावर तिच्यातला शेवटचा अंश काढून घेण्यासाठी हवेत घरघर फिरवत उभे राहणारे गृहस्थ आजही आढळतात, आणि नवी बॅटरी प्रथम आठ तास चार्ज केल्याशिवाय तिला हात लावू न देणारी माणसेही आढळतात, मग चार्जरने तासाभरातच काम संपवून दिवा हिरवा केलेला असला तरी. विधीमागचे कारण लोपले तरी विधी टिकतो, ही गोष्ट समाजशास्त्रज्ञांना परिचित आहे. विद्युत अभियंत्यांना ती अद्याप पुरेशी परिचित नसावी.

आता आयुर्मान म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. बॅटरीत मावणारी वीज मूळच्या ऐंशी टक्क्यांवर आली की तिचे उपयुक्त आयुष्य संपले, असा या क्षेत्रात रूढ संकेत आहे. म्हणजे शास्त्राच्या लेखी बॅटरी गेल्यानंतरही चार पंचमांश काम करतच असते, आणि हाच निकष माणसांना लावायचा झाल्यास चाळिशी उलटलेल्या बहुतेकांचे दाखले काढून ठेवावे लागतील. या बिंदूपर्यंत बॅटरी दोन वाटांनी पोहोचते. पहिली वाट वापराची. बॅटरीत मावते तेवढी वीज एकदा बाहेर काढून पुन्हा भरली की एक चक्र पूर्ण होते, मग ती एका बैठकीत काढलेली असो किंवा आज निम्मी आणि पुढच्या आठवड्यात निम्मी. अशी साधारण तीनशे ते पाचशे चक्रे, आणि जपून वापरल्यास त्याहून अधिक, हत्यारांतले सेल सोसतात. दुसरी वाट काळाची, आणि तिच्यावरून जाण्यासाठी बॅटरीला काहीही करावे लागत नाही. सेलच्या आत तांब्याच्या पातळ पत्र्यावर चढवलेल्या ग्राफाइटवर एक सूक्ष्म थर जमत जातो, जो सुरुवातीला सेलचे रक्षण करतो, परंतु वाढता वाढता विजेची ने-आण करणारे लिथियम अडकवून ठेवतो आणि आतला रोध वाढवतो. हा थर बॅटरी कामावर असताना वाढतो तसा निजलेली असतानाही वाढतो, आणि ती पूर्ण भरलेली असेल व तिच्याभोवती उकाडा असेल तर अधिक वेगाने वाढतो.

या वाढीचा अंदाज देणाऱ्या एका बहुउद्धृत तक्त्यानुसार, चाळीस टक्के भरलेली लिथियम बॅटरी २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, तर पूर्ण भरून ४० अंशांत ठेवलेल्या बॅटरीची वर्षाअखेर जेमतेम ६५ टक्के उरते. या दोन आकड्यांतील दुसरा आकडा वाचताना नागपूर, चंद्रपूर आणि अकोला येथील वाचकांच्या डोळ्यांसमोर आपापला माळा उभा राहील, कारण उन्हाळ्यात जेथे बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो, तेथे स्लॅबखालच्या बंद माळ्यात बॅटरीला काय वाटत असेल हे सांगण्यासाठी तक्त्याची गरज नाही. शिवाय अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकांत बॅटरी १० ते ४० अंशांच्या दरम्यानच चार्ज करावी असे बजावलेले असल्याने, विदर्भात मे महिन्यात हा नियम काटेकोरपणे पाळू पाहणाऱ्या कारागिराला चार्जिंगचा मुहूर्त पहाटेच्या दुधाच्या वेळेआधी काढावा लागेल. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलमध्ये धातुरूप लिथियमची पुटे चढतात आणि कायमचे नुकसान होते, हा इशाराही त्याच पत्रकात असतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याचे पालन आपोआप होते, आणि माहितीपत्रकातील पूर्णपणे पाळली जाणारी ही बहुधा एकमेव सूचना असावी.

मालकाच्या मायेचा प्रश्न येथेच उद्भवतो. लिथियम बॅटरी दीर्घकाळ ठेवायची असल्यास ती निम्म्याच्या आसपास भरलेली असावी, असे शास्त्र सांगते. परंतु कोणतीही वस्तू निम्मी भरून ठेवणे हे गृहस्थाश्रमाच्या मूळ प्रवृत्तीला मानवणारे नाही. ज्या घरांत पाण्याचा पिंप, गहू-तांदळाचे डबे आणि गाडीची टाकी काठोकाठ भरलेली असल्याशिवाय मनाला स्वास्थ्य लाभत नाही, त्या घरांत बॅटरी पन्नास टक्क्यांवर चार्जरवरून काढून घेणारा माणूस एक तर विसराळू समजला जातो किंवा विजेच्या बिलाला भ्यायलेला समजला जातो. म्हणून काळजीवाहू मालक बॅटरी शंभर टक्के भरून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मूळ खोक्यात घालून, उष्णतेच्या जितक्या जवळ नेता येईल तितक्या उंचीवर ठेवून देतो. दुसरा वर्ग निष्काळजी मालकांचा. तो काम संपताच उतरलेली बॅटरी ड्रिलमध्ये तशीच ठेवतो, आणि बॅटरीच्या आतले संरक्षक मंडळ, म्हणजे सेलांवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी, त्या उरल्यासुरल्या विजेवर आपला थेंब थेंब गुजारा करत राहते, जोपर्यंत सेल धोक्याच्या पातळीखाली जात नाहीत. पहिल्या वर्गाची बॅटरी हळूहळू मरते, दुसऱ्याची एका मोसमात मरते, आणि दोघांच्याही घरी शोक सारख्याच भाषेत व्यक्त होतो, की हिला तर फारशी वापरलीही नव्हती. या वाक्यात तक्रार म्हणून जे सांगितले जाते ते वस्तुतः निदान असते, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

कारागिराच्या बॅटरीची कथा याहून वेगळी आणि अधिक सन्मानाची आहे. फर्निचरचे किंवा जिप्समच्या छताचे काम करणाऱ्या मिस्त्रीकडे बहुधा दोन बॅटऱ्या असतात, एक यंत्रात आणि एक चार्जरवर, आणि दिवसभर त्यांची अदलाबदल चालू असते. दिवसाला प्रत्येकीची दोन चक्रे धरली तरी पाचशे चक्रे कामाच्या अडीचशे दिवसांत पुरी होतात. म्हणजे त्याची बॅटरी वर्ष-दीड वर्षात थकते, परंतु ती काम करून थकते, आणि मिस्त्री तिच्याकडे खिळे व पॉलिश पेपर यांच्यासारखा कामाचा खर्च म्हणून पाहत असल्याने कोणावरही दोषारोप न करता नवी आणतो. त्याच्या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता हाच असतो, मात्र ती माळ्यावरची नसून आतून निर्माण होणारी असते. स्क्रू पिळताना सेलवर फारसा ताण येत नाही. पण ग्राइंडर लोखंडात घातला, किंवा लाकूड कापताना पाते अडकले, की प्रत्येक सेलमधून वीस-तीस अँपिअरचा प्रवाह ओढला जातो आणि बॅटरी हाताला चटका बसावा इतकी तापते. याच तापलेल्या अवस्थेत तिला लगेच चार्जरवर चढवले जाते, कारण ठेकेदार दारात उभा असतो. बरेचसे चार्जर अशा वेळी एक दिवा लुकलुकवून थांबण्याची विनंती करतात, परंतु ही विनंती यंत्रात बिघाड झाल्याचे लक्षण समजून बॅटरी दोन-तीनदा काढून घातली जाते आणि शेवटी थपडा मारून बसवली जाते.

मरण कोणत्याही वाटेने आले तरी पाचही सेल एकाच वेळी मरत नाहीत, ही या विषयातील सर्वांत करुण गोष्ट होय. पाच सेल एकामागे एक जोडलेले असल्याने त्यांची गत पंगतीसारखी असते, फक्त या पंगतीचे नियम अधिक कडक असतात: वाढप चालू असताना ज्याचे पोट आधी भरेल त्याच्यासाठी सगळ्यांचे वाढणे थांबते, आणि ज्याचे पान आधी रिकामे होईल त्याच्यासाठी सगळी पंगत उठते, मग शेजारच्या चौघांच्या पानांत जिलब्या तशाच राहिलेल्या असोत. त्यामुळे एक सेल दुबळा झाला की उरलेले चार धडधाकट असूनही बॅटरी दोन स्क्रूंत मान टाकते. काही बॅटऱ्यांत सेलांची पातळी सारखी राखण्याची व्यवस्था असते, काहींत ती नसते, आणि स्वस्त बॅटऱ्यांत ती असल्याचे फक्त खोक्यावर छापलेले असते.

खोक्यावर काय छापावे, हा तर स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला आहे. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि काम सुरू होताच तो उतरून सरासरी ३.६ च्या आसपास येतो. त्यामुळे पाच सेलांची बॅटरी क्षणभर वीस-एकवीस व्होल्टची आणि कामापुरती अठराची असते. डिवॉल्ट कंपनीच्या बॅटऱ्या अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स आणि युरोपात १८ व्होल्ट या नावाने विकल्या जातात त्या याच कारणामुळे. रसायन तेच, सेल तितकेच, फरक केवळ कोणत्या क्षणी मोजमाप केले याचा. हा निदान प्रामाणिक अतिशयोक्तीचा प्रकार झाला. मुंबईच्या नागदेवीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जो बिननावाचा माल मिळतो, त्याने मात्र मोजमापाचे बंधनच झुगारून दिलेले आहे. त्याच पाच सेलांच्या बॅटऱ्यांवर ४८, ८८, १२८ असे चढते आकडे आणि त्यांच्यापुढे व्हीएफ ही दोन अक्षरे छापलेली आढळतात, आणि या अक्षरांना भौतिकशास्त्रात कोणताही अर्थ नसल्याने छापणाऱ्याला खोटे बोलल्याचा आरोपही चिकटत नाही. आकडे याच वेगाने वाढत राहिल्यास बॅटरी लवकरच घरातल्या २३० व्होल्टच्या पॉइंटला मागे टाकील आणि मग घरच बॅटरीवर चालवण्याचा मोह होईल. सुट्या सेलांचीही हीच कथा आहे. अठरा मिलिमीटर व्यासाचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा जो सेल १८६५० या नावाने ओळखला जातो, त्याच्यात नामांकित कारखान्यांनाही वर्षानुवर्षे साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे जाता आलेले नाही. परंतु बाजारात त्याच मापाच्या सेलवर ९९०० हा आकडा सहज मिळतो, आणि तोही नोबेलविजेत्यांच्या मार्गदर्शनाशिवाय व निम्म्या किमतीत.

बॅटरीच्या पोटावरचे चार हिरवे दिवे हे या व्यवहारातील दुसरे भोळे साक्षीदार होत. ते किती वीज उरली आहे ते दाखवतात अशी सार्वत्रिक समजूत असली, तरी साध्या बॅटऱ्यांत ते केवळ त्या क्षणीचा दाब मोजून अंदाज बांधतात, आणि थकलेल्या सेलचा दाब विश्रांतीत चांगला दिसतो व काम सांगताच कोसळतो. त्यामुळे टेबलावर चार दिवे दाखवणारी बॅटरी भिंतीला टेकताच एका दिव्यावर येते, आणि ड्रिल बाजूला ठेवल्यावर थोड्या वेळाने पुन्हा तीन दिवे दाखवू लागते. मालक याचा अर्थ बॅटरी कामचुकार आहे असा लावतो. वास्तविक तिच्या आतला रोध वाढलेला असतो, पण हे निदान घरात कोणाला सांगितले तरी संशय दूर होत नाही.

मृत बॅटरी चार्जरवर ठेवली असता चार्जर लाल दिवा दाखवून तिला नाकारतो, आणि या नकारामागेही कारण असते. सेल फार खोल उतरला की त्यातील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि अशा सेलला पुन्हा जोराने चार्ज केल्यास ते तांबे नको तेथे जमून आतल्या आत शॉर्ट होण्याचा संभव असतो. म्हणून चार्जरचा हा उर्मटपणा प्रत्यक्षात घराला आग लागू नये यासाठी असतो. परंतु नाकारलेल्या बॅटरीला दुसऱ्या चालू बॅटरीच्या वायरी टेकवून झटका द्यावा आणि चार्जरच्या डोळ्यांत धूळ फेकावी, अशी एक घरगुती उपचारपद्धती प्रचलित असून ती कधी कधी यशस्वीही होते, हाच तिचा सर्वांत मोठा धोका होय. याहून शहाणा मार्ग म्हणजे कुशल कारागिराकडून सेल बदलून घेणे. स्पॉट वेल्डिंगच्या यंत्राने निकेलच्या पट्ट्या जोडून पाचही सेल नवे घालून देणारे तंत्रज्ञ मोठ्या शहरांत आहेत, आणि त्यांनी चांगल्या प्रतीचे सेल वापरले तर बॅटरी नव्यासारखी चालते. अडचण इतकीच की काही बॅटऱ्यांतील चिप एकदा दोष नोंदवल्यावर सेल नवे घातले तरी तो विसरत नाही, आणि बॅटरी निरोगी होऊनही कागदोपत्री मृतच राहते. सरकारदरबारी हयातीचा दाखला आणताना ज्येष्ठ नागरिकांना जो अनुभव येतो, तो इलेक्ट्रॉनिक्सनेही आत्मसात केला आहे असे म्हणता येईल.

या सर्व संकटांतून बॅटरी वाचलीच, तर तिच्यावर वैधव्य येण्याची शक्यता उरते. प्रत्येक कंपनीच्या बॅटरीची खाच निराळी असल्यामुळे एकाची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्रात बसत नाही, आणि काही कंपन्यांनी आपसांत संघ स्थापून खाचा जुळवून घेतल्या असल्या, तरी सर्वांची मिळून एकच खाच असावी ही कल्पना या उद्योगाला अजून पटलेली नाही. परिणामी पहिले ड्रिल घेताना माणूस केवळ ड्रिल घेत नाही, तो एका घराण्याशी सोयरीक करतो; पुढचा ग्राइंडर, पुढची करवत आणि पानगळ उडवणारा पंखा याच घराण्यातून आणावा लागतो, बिनबॅटरीचे यंत्र स्वस्त मिळते म्हणून तो आनंदाने आणलाही जातो, आणि काही वर्षांनी कंपनीने खाचेचा आकार बदलला की चालू यंत्रांना बॅटरी मिळेनाशी होते. हमीपत्राची मुदतही याच दूरदृष्टीने ठरवलेली असते: हत्याराला बहुधा वर्षाची हमी असते, आणि ज्या भागाला हमीची खरी गरज आहे त्या बॅटरीला त्याहून कमी काळाची.

आर्थिक बाजू पाहिल्यास चित्र अधिकच उद्बोधक होते. १८ व्होल्ट आणि चार अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॅट-तास वीज मावते. अशी पाचशे चक्रे झाली आणि वाटेत क्षमता घटत गेली हे लक्षात घेतले, तर संपूर्ण आयुष्यात ती तीस-पस्तीस युनिट वीज देते, म्हणजे महावितरणच्या मीटरवर मध्यमवर्गीय कुटुंब आठवड्याभरात वापरते तेवढी. तिची किंमत मात्र काही हजारांत असते, आणि हा फरक वायर नसण्याच्या सुखाचे मोल होय. मिस्त्रीला हे सुख परवडते, कारण पहाडावर चढून छताला स्क्रू मारताना मागे लोंबणारी वायर ही त्याच्या जिवावर बेतणारी गोष्ट असते. घरधन्याचा हिशेब मात्र वेगळा लागतो. विटांच्या भिंतीत एक मध्यम भोक पाडायला ३०० वॅटचे काम वीसेक सेकंद होते असे धरल्यास एका चार्जिंगमध्ये चाळीस भोके पडतात, आणि पाचशे चक्रांत वीस हजार. म्हणजे प्रत्येक घरगुती बॅटरीच्या पोटी वीस हजार भोकांची क्षमता असते, आणि सामान्य घराला जन्मभरात लागणारी भोके देवघर, पडदे, घड्याळ, आरसा व नावाची पाटी मिळून शंभराच्या आत आटोपतात. नव्या इमारतींत तर तीही पडत नाहीत, कारण मिव्हान पद्धतीने ओतलेल्या त्या भिंती सबंध काँक्रीटच्या असतात, त्यांच्यापुढे घरगुती ड्रिल चमकदार ओरखडा काढून थांबते, आणि अखेर वायरचा मोठा हॅमर घेऊन येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावावे लागते, जो येताच पहिला प्रश्न पॉइंट कुठे आहे हाच विचारतो.

या विवेचनातून निघणारा सरळ निष्कर्ष असा की वर्षाला चार भोके पाडणाऱ्या माणसाने वायरचे ड्रिल घ्यावे, कारण वायरला चक्रे नसतात, तिला उकाडा बाधत नाही आणि ती वीस वर्षे माळ्यावर पडली तरी खाली आल्यावर चालते. परंतु हा निष्कर्ष कोणी स्वीकारण्याची शक्यता नाही. वायरच्या ड्रिलबरोबर एक्स्टेन्शन बोर्ड शोधणे आले, त्याची दोन पिनांची खाच आणि ड्रिलचा तीन पिनांचा प्लग यांचा वाद आला, आणि मुख्य म्हणजे ड्रिल हाती धरून आरशात पाहिले असता दिसणारा रुबाब गेला. तेव्हा कॉर्डलेसच घ्यायचे असेल, तर काही साधी पथ्ये सुचवता येतात: बॅटरी यंत्रातून काढून ठेवावी, माळ्याऐवजी घरातल्या थंड कपाटात ठेवावी, दोन दिव्यांच्या आसपास भरलेली ठेवावी, आणि वर्षातून दोनदा तरी तपासावी. यांपैकी एक तपासणी खंडेनवमीला ठेवणे सोयीचे, कारण त्या दिवशी हत्यारे पुजण्यासाठी खाली उतरतातच. फक्त हळदकुंकू बॅटरीच्या टर्मिनलांवर वाहू नये. आणि खरोखर मेलेली बॅटरी घंटागाडीत न टाकता संकलन केंद्रावर किंवा विक्रेत्याकडे द्यावी, कारण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन तिच्यातील धातू काढण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

तथापि, शास्त्रशुद्ध उपाय एकच उरतो. बॅटरीला नियमित पण बेताचे काम हवे, थंड जागा हवी, निम्मे पोट हवे आणि तिच्यावर कोणा एकाची फाजील माया नको. या चारही अटी एकत्र पुऱ्या करणारी व्यवस्था म्हणजे साठ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेने मिळून एकच चांगले ड्रिल आणि दोन बॅटऱ्या घेणे. साठ घरांची भोके मिळून वर्षभर पुरेसे काम निघेल, तळमजल्यावरचे कार्यालय माळ्यापेक्षा थंड असेल, आणि घेऊन जाणारा प्रत्येक सभासद बॅटरी पूर्ण भरून परत करण्याचे कष्ट घेणार नाही, त्यामुळे ती आपोआप निम्म्याच्या आसपास राहील. तांत्रिकदृष्ट्या या योजनेत उणीव काढता येत नाही. उरतात ते किरकोळ प्रश्न: खर्च सिंकिंग फंडातून करावा की दुरुस्ती निधीतून, भाडेकरूंना बॅटरी द्यावी की केवळ मालकांना, थकबाकीदारांना एक भोक तरी पाडू द्यावे की नाही, आणि चार्जर सचिवांच्या घरी राहावा की खजिनदारांच्या. हे प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवल्यास बॅटरीचे आयुष्य वाढेल याबद्दल शंका नाही, आणि सभेचे वाढेल याबद्दल तर मुळीच नाही.